स्पंजाची नवी जात कशी ओळखावी?

पिंपरी-चिंचवड व चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यातून पवना, इंद्रायणी आणि भामा या नद्या वाहतात. अशा नद्यांतील दगडांवर कधीकधी हिरवट वा करड्या रंगाचा खरखरीत थर आढळतो. पुष्कळजण त्यास शेवाळ समजतात. परंतु तो गोड्या पाण्यातील स्पंज, म्हणजे प्राणी, असू शकतो. स्पंजांच्या ९,००० हून अधिक ज्ञात जातींपैकी बहुतेक सागरी असून गोड्या पाण्यातील जाती २०० हून थोड्या अधिक आहेत.

नमुना नव्या जातीचा आहे की नाही, हे बाह्यरूपावरून ठरत नाही. एकाच जातीचा आकार प्रवाहानुसार पालटतो आणि हिरवा रंग अंगात राहणाऱ्या शैवालांमुळे येतो. यास्तव स्पंजाचा तुकडा नायट्रिक आम्लात तापवितात. मांसल भाग नाहीसा होऊन सिलिकेच्या सूक्ष्म कंटिका उरतात. त्यांची लांबी, टोके व त्यांवरील काटे सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे लागतात. त्याहून मोलाचा पुरावा जेम्यूल या बीजासारख्या गोळ्यांचा होय. पाणी आटल्यावर स्पंज मरतो, पण या गोळ्या तग धरतात. त्यांचे कवच व कंटिका तपासल्यावाचून बहुधा निर्णय देता येत नाही. अलीकडे याला जनुकीय पुराव्याचीही जोड मिळते.

तुलनेत चूक कशी होते, याचे उदाहरण आपल्याच प्रांतातील आहे. मुंबईत वैद्यकीय सेवेत असलेले हेन्री जॉन कार्टर यांनी १८४९ साली तेथील तलावांतील स्पंजांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील एका स्पंजास त्यांनी, शंका नोंदवून, लामार्क यांनी पूर्वी वर्णिलेली जात मानले. पुढे १८६३ साली बॉवरबँक यांनी ती निराळी ठरवून तिला कार्टर यांचेच नाव दिले. आज ती युनेपियस कार्टरी म्हणून ओळखली जाते. तिच्या जेम्यूलवर हवेच्या बहुकोनी कोठड्यांचे जाड आवरण असते.

नवे नाव देताना वर्णनाबरोबर आदर्श नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो आणि तो जेथे सापडला ते स्थळ नोंदवावे लागते. शंका उद्भवली की अभ्यासक पुन्हा त्या स्थळाकडे वळतो. परंतु जुन्या मुंबईतील कित्येक तलाव बुजविले गेले. धोबी तलाव हे आज केवळ नाव आहे. सांडपाणी व बांधकाम यांचा भार वाहणाऱ्या आपल्या नद्यांतील दगड तपासण्याचे काम म्हणूनच लांबणीवर टाकता येणार नाही. ज्या प्राण्याची नोंदच झाली नाही, तो नाहीसा झाल्याचेही कोणास कळत नाही.