अवरक्त किरणाची राखण

भाताच्या लोंबीत दूध भरू लागले की वनालगतच्या गावांतील शेतकऱ्याची रात्रीची झोप उडते. वसई तालुक्यातील कामण हे तुंगारेश्वराच्या डोंगररांगेच्या पायथ्याचे गाव अशाच गावांपैकी होय. येथील अरण्यास २००३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. रानडुक्कर व बिबट्या या दोहोंचा तेथे वावर आहे. रानडुकरांचा कळप एका रात्रीत पिकाची नासधूस करू शकतो; आणि त्यास हुसकावण्यासाठी अंधारात बांधावर जाणाऱ्या माणसाची गाठ बिबट्याशी पडण्याचा संभव असतो. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून कुंपणाच्या तारेत घरगुती वीज सोडतात. हा उपाय बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्यात जनावरांबरोबर माणसेही, कित्येकदा खुद्द शेतकरीच, प्राणास मुकतात. जनावर शेतात शिरत असतानाच त्याची सूचना घरात मिळाली, तर हे दोन्ही धोके टळू शकतील. विजेच्या सुट्या भागांची हौशीने जुळणी करणाऱ्या विद्यार्थ्यासही बनविता येईल असे एक साधन या कामी उपयोगी पडते.

किरण व त्याचे तुटणे

इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्षल या शास्त्रज्ञाने सूर्यप्रकाशाच्या सप्तरंगी पट्ट्यात तापमापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढला. हेच अवरक्त किरण. आज ते लहानशा एलईडी दिव्यातून मिळतात. दूरदर्शन संचाच्या रिमोटमध्ये असाच दिवा असतो व त्याच्या किरणाची तरंगलांबी सामान्यतः ९४० नॅनोमीटर असते.

वाटेच्या एका बाजूस हा दिवा, म्हणजे प्रेषक, आणि समोरच्या बाजूस किरण ओळखणारा ग्राही बसवावयाचा. मध्ये कोणी आले की किरण अडतो आणि ग्राही तशी सूचना देतो.

या रचनेचा खरा गुण मात्र निराळाच आहे. किरण पोचत आहे तोवर सर्व ठीक, असा येथे संकेत असतो. दिवा जळाला, त्याची बॅटरी उतरली किंवा खांब कलला, तरी किरण तुटतो आणि भोंगा वाजतो. जनावराच्या अंगावरून परत फिरलेला किरण टिपणाऱ्या साधनात याच्या उलट घडते. ते बंद पडले तरी शांतच राहते, आणि शेतकरी निर्धास्त झोपतो. राखणदार निजला तर ते कळलेच पाहिजे. म्हणून ग्राहीपासून घरापर्यंतची तारही याच तत्त्वावर जोडावी. एरव्ही तारेतून अल्प प्रवाह वाहत राहून घरातील रिले ओढून धरलेला असावा. प्रवाह थांबताच रिले सुटून घरातील स्वतंत्र बॅटरीवर भोंगा वाजावा. मग तार तुटली तरी ते तत्काळ समजते.

जुळणी

प्रेषकास १२ व्होल्टच्या बॅटरीवरून ५ व्होल्टचा स्थिर दाब द्यावा. अवरक्त दिव्यावर सुमारे १.२ व्होल्ट खर्च होतात. उरलेल्या ३.८ व्होल्टसाठी २२० ओहमचा रोधक जोडल्यास सुमारे १७ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. तीन-चार मीटर रुंदीच्या वाटेस तो पुरेसा होतो.

सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असल्याने सतत पेटलेला दिवा ग्राहीस वेगळा ओळखता येत नाही. म्हणून दिव्याची सेकंदास ३८,००० वेळा उघडझाप करावी व त्याच गतीस प्रतिसाद देणारा ग्राही घ्यावा. येथे हौशी लोकांची वारंवार फसगत होते. रिमोटसाठी बनविलेले पुष्कळ ग्राही ३८ किलोहर्ट्झचा अखंड संकेत थोड्याच वेळात गोंगाट समजून दुर्लक्षितात. त्यामुळे २० उघडझापांचा एक झोत, मग विश्रांती, असे सेकंदास १०० झोत सोडावेत. आर्डुइनोसारख्या लहान पट्टीवर हे काम सहज होते.

लागोपाठ १० झोत चुकले, तरच सूचना द्यावी. हा काळ सेकंदाचा दहावा भाग होतो. एक मीटर लांबीचे डुक्कर सेकंदास ५ मीटर वेगाने धावले तरी किरण सेकंदाचा पाचवा भाग अडतो. गळणारे लहान पान बहुधा याहून लवकर निघून जाते.

दिव्याचा उजेड डोळ्यांस दिसत नाही. परंतु पुष्कळ मोबाइल फोनच्या कॅमेऱ्यांतून तो फिकट जांभळा दिसतो. प्रथम टेबलावर एक मीटर अंतरावर चाचणी घ्यावी व मगच शेतात जावे.

शेतातील मांडणी

सारे शेत वेढण्याची आवश्यकता नाही. रानडुकरे बहुधा ठरलेल्या वाटेने ये-जा करतात. कुंपणातील खिंडार व मातीतील खुरांचे ठसे पाहून जागा निवडावी. किरण जमिनीपासून सुमारे ४० सेंटिमीटर उंचीवर ठेवल्यास मुंगूस व ससा खालून जातात. कुत्रा किंवा गुरू मात्र भोंगा वाजवीलच, हे ध्यानात ठेवावे.

खांब पक्के रोवावेत. ग्राही काळ्या नळीच्या तोंडापासून थोडा आत बसवून त्याचे तोंड उत्तरेकडे करावे, म्हणजे उगवता वा मावळता सूर्य थेट त्यावर पडणार नाही. पावसाळ्यात पेटीच्या फटी बुजवाव्यात. किरणाखालील गवत दर आठवड्यास कापावे, काचेवरील कोळिष्टके पुसावीत आणि हात आडवा धरून भोंगा वाजतो की नाही हे पाहावे.

भोंगा वाजल्यावर

सूचना मिळाली म्हणून एकट्याने अंधारात धावू नये. घरातून किंवा माळ्यावरून प्रखर विजेरी टाकावी, पत्र्याचा डबा वाजवावा, शेजाऱ्यांना हाक द्यावी. वाट पाळीव जनावरासाठी व माणसासाठी मोकळीच असल्याने कोणास इजा होत नाही. तरीही पिकाचे नुकसान झाल्यास वनविभागास विनाविलंब कळवून पंचनामा करून घ्यावा.

हे साधन जनावरास अडवीत नाही. ते केवळ वेळीच जागे करते. परंतु तारेत वीज सोडून रात्रभर धास्तावलेल्या शेतकऱ्यापेक्षा वेळेवर जागा झालेला शेतकरी पिकाची व आपल्या कुटुंबाची राखण अधिक चांगली करू शकतो.