हार्ड डिस्क टक-टक करायला लागली तर...

हार्ड डिस्कमधून ठरावीक टक-टक आवाज येतोय? आधी ती बंद करा. आतल्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि माहिती वाचणारं-लिहिणारं हेड त्यांच्यापासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगतं. ते बिघडलेलं असताना ‘परत एकदा लावून बघू’ केलं, तर तबकडी खरवडून निघू शकते. फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना जुगाड तर नकोच, आत दव धरतं.

आवाज नाही, पण फोटो उघडायला वेळ लागतोय? क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकून ‘करंट पेंडिंग सेक्टर’, म्हणजे डिस्कला नीट वाचता न आलेल्या जागांचा आकडा, बघा. (आकडे हेक्समध्ये, म्हणजे अंक-अक्षरं मिसळून दिसतात, दचकू नका.) शून्याच्या वर असेल तर आधी महत्त्वाच्या फाइली बाहेर काढा, दुरुस्तीचे प्रयोग नंतर.

बॅकअपसाठी छायाचित्रकार पीटर क्रोग यांचा ३-२-१ नियम मला सगळ्यांत पटतो: तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत घराबाहेर. गावी भावाच्या कपाटातली डिस्कसुद्धा चालेल. नुसतं क्लाउड सिंक मात्र बॅकअप नव्हे. इथे फाइल उडवली की तिथूनही ती कचरापेटीत जाते आणि मुदत संपली की कायमची. आणि हो, अधूनमधून बॅकअपमधली एखादी फाइल खरंच उघडून बघत जा.