विंचू चावला आणि घाम सुटला, तर थांबू नका



भाताचा भारा उचलताना, गवताची उडवी मोडताना, पहाटे अंधारात चप्पल चाचपताना विंचू डंख मारतो. विंचू हा कीटक नव्हे. तो आठ पायांचा, कोळ्याच्या गोतातला. पण किडेमाकोडे लुळे पाडून खाण्यासाठीच त्याच्या नांगीत विष असतं. काळ्या इंगळीला आपण उगाच जास्त भितो. कोकणात खरा धोका आहे तो लहानशा तांबड्या विंचवाचा.

हे विष करतं काय? वाफ्याला पाणी देताना आपण दारं मोडतो, वाफा भरला की बुजवतो. मज्जातंतूंनाही अशीच सूक्ष्म दारं असतात. सोडियमचे कण आत शिरले की संदेश पुढे धावतो, दार मिटलं की थांबतो. विषातली काही लहान प्रथिनं हे दार मिटूच देत नाहीत. तांबड्या विंचवाच्या विषातलंच इबेरिओटॉक्सिन नावाचं दुसरं प्रथिन पोटॅशियमची दारं अडवतं, म्हणजे मज्जातंतूला शांत व्हायची वाटही बंद!

मग अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरतं. दरदरून घाम, ओकाऱ्या, हातपाय गार. रक्तवाहिन्या आवळल्याने हृदय थकतं, फुफ्फुसांत पाणी भरतं. ठणका फारसा नाही म्हणून निर्धास्त राहू नका. घाम बघा, हातपाय चाचपा.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रोग्यांना प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी दिली आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अनुभव मांडला. ही गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. पूर्वी गंभीर रोग्यांत शंभरातले तीस दगावत. या गोळीमुळे तो आकडा चारच्याही खाली आला. आता विंचूविरोधी लसही मिळते.

मांत्रिकाकडे जाल तर वेळ जाईल. बहुतेक डंख आपसूकच उतरतात आणि मंत्राचं नाव होतं, एवढंच! डंखाची जागा कापू नका, घट्ट बांधू नका. गोळी मनाने देऊ नका, सरळ सरकारी दवाखाना गाठा. लहान मूल असेल तर पहिल्या ओकारीचीही वाट पाहू नका. आणि गोळी दिल्यावर रोग्याला आडवंच ठेवा. उठवून चालवलंत तर रक्तदाब एकदम उतरून भोवळ येते.