मलावीचा खडकाळ किनारा चार फुटांच्या टाकीत

गोड्या पाण्यात समुद्री माशांसारखे रंग हवे असतील, तर आफ्रिकन सिक्लिडला तोड नाही. पूर्व आफ्रिकेतल्या मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया या सरोवरांत त्यांच्या शेकडो जाती आहेत. पहिल्या टाकीसाठी मलावीच्या खडकाळ किनाऱ्यावर राहणारे ‘म्बुना’ मासे घ्यावेत, असं मला वाटतं. ते काटक असतात, दिवसभर हालचाल करत असतात आणि आपल्याकडे सहज मिळतात.

म्बुना दगडांच्या कपारीत राहतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. प्रत्येक नर आपली कपार राखतो आणि तिच्यासाठी भांडतो. टाकी मांडताना घ्यायचे बहुतेक निर्णय याच तीन गोष्टींवरून ठरतात.

भांडणाऱ्या माशाला पळायला लांबी लागते, उंचीचा फारसा उपयोग नाही. त्यामुळे टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी घ्या. त्यात अडीचशे लिटरच्या आसपास पाणी मावतं. दगड आणि काच धरून भार तीनशे किलोच्या वर जातो, म्हणून स्टँड लोखंडी आणि अगदी समपातळीत हवा.

तळाला थर्माकोलची शीट घाला, तिच्यावर थेट दगड रचा आणि वाळू सर्वांत शेवटी ओता. हा क्रम मोडू नका. म्बुना वाळू उपसतात. दगड वाळूवर टेकलेला असेल तर खालची वाळू निघून जाते, रचना ढासळते आणि काच फुटू शकते. सह्याद्रीतला काळा दगड घासून, धुऊन घेतला की उत्तम चालतो. मागच्या काचेलगत उंच रास करा आणि आरपार जाता येतील अशा भरपूर फटी ठेवा.

मलावीचं पाणी अल्कधर्मी आहे. टाकीत पीएच ८ च्या आसपास आणि तापमान २४ ते २८ अंश असावं. मुंबईचं धरणाचं पाणी मऊ असतं, तिथे फिल्टरमध्ये प्रवाळाचा चुरा पिशवीत भरून ठेवावा. पठारावरचं बोअरचं पाणी बहुधा आधीच जड असतं, त्यात काही घालायची गरज पडत नाही. नळाचं पाणी मात्र अँटी-क्लोरीन घातल्याशिवाय वापरू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळ्यात जास्त वगळलं जाणारं काम. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ विषारी आहेत. नायट्रेट त्यामानाने सौम्य असतं आणि पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात आणि त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पीएच जितका जास्त, तितका अमोनिया घातक, त्यामुळे सिक्लिडच्या टाकीत जिवाणू रुजण्याआधी मासे सोडण्याची घाई जास्तच महागात पडते.

म्हणून मासे आणण्याआधी फिल्टर सुरू करा आणि रोज चिमूटभर खाद्य टाकत राहा. कुणाच्या निरोगी, जुन्या टाकीतला स्पंजचा तुकडा मिळाला तर काम लवकर होतं. टेस्ट किटवर आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट. खाद्य चालू असूनही दोन्ही शून्यावर टिकले आणि नायट्रेट दिसू लागलं, की टाकी तयार झाली.

मासे निवडताना दुकानातल्या ‘मिक्स मलावी’च्या टाकीपासून दूर राहा. त्यातल्या पिल्लांची जात कळत नाही. ऑराटस आणि केन्यी लहानपणी फार देखणे दिसतात, मोठे झाले की बाकीच्यांना जगू देत नाहीत. इलेक्ट्रिक यलो, रस्टी आणि असेई या शांत जाती आहेत. प्रत्येकी पाच-सहा पिल्लं घ्या, म्हणजे एकूण पंधरा ते अठरा. थोडी दाटी मुद्दाम ठेवतात, कारण मग नराचा राग एकाच माशावर निघत नाही. एका नरामागे तीन माद्या हव्यात. जास्तीचे नर ओळखू आले की काढून टाका.

खाद्य स्पिरुलिनाचं द्या, दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. लालसर अळ्या आणि मांसाहारी खाद्य टाळा. शेवाळावर पोसलेलं लांब आतडं ते पेलत नाही आणि पोट फुगून मासा दगावतो. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. उन्हाळ्यात वीज जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असू द्या.

काही महिन्यांनी एखादी मादी खाणं सोडते आणि तिचा गळा फुगतो. ती आजारी नाही. नराच्या पोटाखालच्या परावर अंड्यांसारखे पिवळे ठिपके असतात. मादी आपली अंडी तोंडात घेते, मग त्या ठिपक्यांना तोंड लावते आणि तेव्हाच अंडी फळतात. पुढचे सुमारे तीन आठवडे ती पिल्लं तोंडातच वाढवते. तिला हलवू नका. दगडांत फटी पुरेशा असतील तर काही पिल्लं आपोआप तगतात.

पिल्लं फार झाली तर दुसऱ्या पाळणाऱ्याला किंवा दुकानदाराला द्या. बाहेर सोडल्याने काय होतं पाहा: आपल्या बाजारातली चिलापी, म्हणजे तिलापिया, हीसुद्धा आफ्रिकन सिक्लिडच आहे. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणली गेली आणि आज ती देशभरच्या तलावांत, धरणांत स्थानिक माशांची जागा बळकावून बसली आहे. तुमच्या टाकीतला एकही मासा विहिरीत, तळ्यात किंवा नदीत सोडू नका.