माझ्या शहरात गाड्या का तुंबल्या?

आज बोलूया माझ्या काल्पनिक शहराबद्दल. सिटीज: स्कायलाइन्स या गेममध्ये मी ते तीन महिने बांधतोय. समुद्राकाठी डाउनटाउन, सगळी उंच ऑफिसं तिथेच, आणि दोन रेल्वेलाइन तिथे येऊन संपतात. दिसायला एकदम झकास! पण लोकसंख्या वाढली आणि स्टेशनबाहेर गाड्यांची रांग लागली.

का? टोकाच्या स्टेशनात आलेली गाडी पुढे जात नाही, आली तशी उलटी निघते. तोवर प्लॅटफॉर्म अडतो, आणि निघताना ती येणाऱ्या गाडीची वाट ओलांडते. मी प्लॅटफॉर्म वाढवले, पण स्टेशनचं तोंड तेवढंच राहिलं ना!

मग ट्यूब पेटली: अरे, मी मुंबईच बांधली की! चर्चगेट आणि सीएसएमटी, दोन्ही टोकाचीच स्टेशनं. बाबा डोंबिवलीहून दारात लटकून जायचे, तेव्हा मला वाटायचं, गाड्या कमी आहेत, बस्स.

म्युनिकने १९७२ मध्ये शहराच्या मध्यातून बोगदा सुरू केला. उपनगरी गाड्या एका बाजूने येतात, मध्ये थांबतात, दुसऱ्या बाजूने निघून जातात. मीही माझ्या दोन्ही लाइनची टोकं जोडली. रांग संपली!

मध्ये एक जुनी वस्ती येत होती. एका क्लिकमध्ये पाडली. खऱ्या शहरात तिथे कुणाचं तरी घर असतं, म्हणून रूळ टाकायच्या आधीच हा विचार करायचा.

तुमचं शहर कुठे तुंबतं? नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!