कच्चं मांस, प्रोबायोटिकची पुडी आणि काही पक्के गैरसमज

कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्याला प्रोबायोटिक द्यावं का, यावर श्वानपालकांत सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो, ‘कच्च्यात सगळं निसर्गतःच असतं, पुडी कशाला?’ दुसरा म्हणतो, ‘कच्चं देताय ना, मग प्रोबायोटिक हवंच. म्हणजे जंतूंची भीती नाही.’ चूक दोघांचीही आहे, पण दुसऱ्याची चूक घरातल्या माणसांनाही भोवू शकते. म्हणून आधी तिच्याकडे बघू.

कच्च्या आहाराचं आजचं वेड बरंचसं ऑस्ट्रेलियातून पसरलं. इयान बिलिंगहर्स्ट या पशुवैद्यानं १९९३ साली लिहिलेल्या पुस्तकातून हाडं आणि कच्च्या मांसाचा ‘बार्फ’ आहार जगभर गेला. पुढे संशोधकांनी तो तपासायला घेतला. कॅनडात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात घरगुती कच्च्या चिकन-आहाराच्या ८० टक्के नमुन्यांत साल्मोनेला सापडला आणि तो आहार घेणाऱ्या ३० टक्के कुत्र्यांच्या विष्ठेतही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१० ते २०१२ या काळात बाजारातलं कच्चं पेट-फूड तपासलं. १९६ नमुन्यांपैकी १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया निघाला.

इथे हमखास उत्तर येतं, ‘आम्ही फ्रीझरमध्ये ठेवतो.’ गोठवल्यानं मांसातले काही परजीवी मरतात, जिवाणू मात्र बहुतेक नुसते थांबतात. सकाळी सिंकमध्ये पाकीट काढून ठेवलं आणि दुपारी वाडग्यात टाकलं, तर मधल्या वेळेत ते पुन्हा वाढीला लागलेले असतात. दुसरं उत्तर याहून लाडकं आहे : ‘कुत्र्याच्या पोटातलं आम्ल सगळं जाळून टाकतं.’ आम्ल तीव्र असतं हे खरं. पण सगळंच जळत असतं तर कॅनडातल्या त्या कुत्र्यांच्या विष्ठेत साल्मोनेला आला कुठून? शिवाय आम्ल इतकं अचूक काम करत असेल तर तुम्ही दिलेलं प्रोबायोटिकही तिथेच संपायला हवं. दोन्ही दावे एकाच तोंडातून ऐकू येतात, हे विशेष.

साल्मोनेला पोटात असलेलं कुत्रं बहुधा आजारी दिसतही नाही. ते जेवतं, खेळतं, तोंड चाटतं आणि विष्ठेतून जंतू सोडत राहतं. प्रोबायोटिकमधले जिवाणू आतड्यात अशा जंतूंशी थोडी स्पर्धा करतात. पण रोज एक पुडी दिली म्हणजे कच्चं खाणाऱ्या कुत्र्याकडून घरात येणारा संसर्ग थांबला, असं मानायला भरवशाचा आधार नाही. घरात तान्हं मूल, गरोदर बाई, वृद्ध किंवा केमोथेरपी घेणारं कुणी असेल तर पुडीच्या जोरावर हा धोका पत्करू नये.

खुद्द कुत्र्यालाही धोका आहे. मेलबर्नच्या पशुवैद्यकांनी २०१८ मध्ये अचानक पाय लुळे पडणाऱ्या कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कच्चं चिकन, त्यातही कोंबडीच्या माना, आणि तिच्यातून येणारा कॅम्पायलोबॅक्टर यांच्याशी या पक्षाघाताचा संबंध दिसला. हा संसर्ग असण्याची शक्यता आजारी कुत्र्यांत निरोगी कुत्र्यांच्या ९.४ पट निघाली. चिकनवाल्याकडून स्वस्तात मिळणारी मानांची पिशवी उचलताना हे आठवावं.

आता पहिल्या तटाकडे. ‘कच्चं मांस हेच नैसर्गिक प्रोबायोटिक’ हे वाक्य ऐकायला छान वाटतं, पण मांसावर जे जिवाणू असतात ते जनावराच्या कातडीवरून, आतड्यातून, सुरीवरून आणि खाटकाच्या लाकडी ओंडक्यावरून आलेले असतात. २००१ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांनी केलेली व्याख्या साधी आहे : पुरेशा मात्रेत दिल्यावर शरीराला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. कोणते, किती आणि फायदा कशात, हे माहीत नसेल तर ती नुसती जंतूंची उपस्थिती.

याच तटाची आवडती वस्तू म्हणजे न धुतलेली वजडी. परदेशात ती ‘ग्रीन ट्राइप’ म्हणून महाग विकली जाते. तिच्यात जिवाणू भरपूर असतात हे कबूल, पण ते गवत आंबवण्यासाठी गाईम्हशीच्या पोटात वस्तीला असलेले. कुत्र्याच्या आतड्यात ते टिकून काही भलं करतात, हे गृहीत धरता येत नाही. आपल्याकडे चुना लावून, गरम पाण्यात खरवडून पांढरी केलेली वजडी मिळते. तिच्यात तर तेही उरत नाहीत. खाऊ म्हणून ती वाईट नाही, पण शिजवून द्यावी.

‘कुत्रा म्हणजे लांडगाच’ हा यामागचा जुना युक्तिवाद. २०१३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या जनुकीय अभ्यासात पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोन, तर कुत्र्यांत ४ ते ३० प्रती आढळल्या. माणसाच्या उष्ट्या भाकरीवर हजारो वर्षं काढल्याची ती नोंद आहे.

कच्चं खाणाऱ्या कुत्र्यांच्या आतड्यातली वस्ती वेगळी असते, हे मात्र खरं. त्यात क्लॉस्ट्रिडियम, फ्युजोबॅक्टेरियम आणि ई. कोलायच्या कुळातले जिवाणू जास्त आढळतात. ही नावं वाचून घाबरू नये. फ्युजोबॅक्टेरियम माणसात संशयित मानतात, पण निरोगी कुत्र्यात तो नेहमीचाच रहिवासी. त्यामुळे माणसाच्या पोटाचे नियम कुत्र्याला लावून ‘बिघडलेला’ समतोल पुडीनं दुरुस्त करायला जाऊ नये. धडधाकट, घट्ट शी करणाऱ्या कुत्र्याला रोज प्रोबायोटिक देण्याचं ठोस कारण मला तरी दिसत नाही.

मग ते निरुपयोगी आहे का? नाही. पण ते नेमकं असावं लागतं. एन्टेरोकॉकस फेशियमचा एसएफ६८ हा वाण कुत्र्यांसाठी बऱ्याच काळापासून वापरात आहे. बिफिडोबॅक्टेरियम अॅनिमॅलिसच्या एएचसी७ या वाणानं अचानक लागलेले जुलाब लवकर थांबल्याचं अभ्यासात दिसलं आहे. आतड्याच्या जुनाट दाहातही काही ठरावीक मिश्रणांचा उपयोग नोंदला गेला आहे. प्रत्येक दावा त्या त्या वाणापुरता. ‘चौदा प्रकारचे जिवाणू’ असं मोठ्या अक्षरात छापलं म्हणजे चौदापट गुण येत नाही.

पुडी हातात घ्या आणि मागची बाजू वाचा. जिवाणूचं नाव आहे, पण वाणाचा क्रमांक आहे का? संख्या आहे, पण ती उत्पादनाच्या दिवसाची की मुदत संपेपर्यंतची? साठवणीचं तापमान दिलंय का? लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू नाजूक असतात. मे महिन्यात नागपूरच्या एखाद्या पंखा-फक्त दुकानात पडून राहिलेल्या डबीत त्यातले जिवंत किती, हे लेबल सांगत नाही. आपल्या औषध दुकानांत ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनीस’ छापलेल्या पुड्या सर्रास मिळतात. तो खरं तर बॅसिलस कोअॅग्युलन्स. बीजाणू तयार करणारा असल्यानं उष्णतेत टिकतो, पण लॅक्टोबॅसिलस नव्हे. माणसांसाठीच्या पुड्यांत गोडीसाठी झायलिटॉल नाही ना, हेही बघावं. कुत्र्यांना ते विषारी आहे.

दह्याचं काय? चमचाभर घरचं दही बहुतेक कुत्री आनंदानं खातात आणि त्यांना पचतं. मात्र घरच्या विरजणात कोणते जिवाणू किती, याचा ठाव नसतो, म्हणून त्याला औषध समजू नये. कांद्याच्या कोशिंबिरीतलं दही तर अजिबात नको, कारण कांदा कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतो.

प्रतिजैविकं चालू असताना प्रोबायोटिक द्यायचं तर दोन्हींत दोनेक तासांचं अंतर ठेवतात. बाहेरून दिलेले जिवाणू आतड्यात कायमचे घर करत नाहीत; देणं थांबलं की काही दिवसांत निघून जातात. ‘एकदा कोर्स केला की पोट आयुष्यभर ठीक’ हेही त्यामुळे खोटंच.

पुडीनं भरून न निघणाऱ्या दोन गोष्टी राहिल्या. नुसत्या मांसात कॅल्शियम नगण्य आणि फॉस्फरस भरपूर असतो. महिनोन् महिने बोनलेस चिकनवर वाढवलेल्या पिल्लाची हाडं मऊ पडतात, वाकतात, मोडतात. दुसरं, बकऱ्याच्या किंवा म्हशीच्या काळीज-फुप्फुसात पाण्यानं भरलेल्या गाठी असतील आणि त्या कुत्र्यानं कच्च्या खाल्ल्या, तर त्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून माणसाच्या पोटात गेली की तशाच गाठी माणसाच्या यकृतात होतात. त्यावर उपाय म्हणजे ती काळीज-फुप्फुसं न देणं आणि वेळच्या वेळी प्राझिक्वान्टेलचं जंताचं औषध.

माझं मत सरळ आहे : मांस हाडांशिवाय शिजवून द्या, कॅल्शियमचा हिशेब डॉक्टरांकडून करून घ्या आणि प्रोबायोटिक गरजेपुरतं ठेवा. तरीही कच्चंच द्यायचं असेल तर मांस फ्रिजमध्येच वितळवा, सुरी-पाट वेगळे ठेवा आणि वाडगं प्रत्येक वेळी गरम पाण्यानं साबण लावून धुवा. लसीकरण अपुरं असलेल्या पिल्लाला रक्ताचे जुलाब लागले तर पुडी शोधत बसू नका. तो पार्व्हो असू शकतो आणि त्यात एकेक तास मोलाचा असतो. दवाखान्यात गेल्यावर बोलणी बसतील म्हणून ‘कच्चं देतो’ हे अनेक जण लपवतात. ते पहिल्याच वाक्यात सांगा, कारण डॉक्टर कोणती तपासणी करायची ते त्यावरूनच ठरवतात.