ड्रमसंचाचे ध्वनिमुद्रण

पायाने वाजविला जाणारा बास ड्रम, खालच्या चामड्याला तारा लावलेला स्नेअर ड्रम, लहानमोठे टॉम आणि हाय-हॅट, राइड, क्रॅश इ. झांजा मिळून झालेल्या व एकाच वादकाने वाजवावयाच्या पाश्चात्त्य तालवाद्यसमूहास ड्रमसंच म्हणतात. मोठ्या ध्वनिमुद्रणगृहांत प्रत्येक घटकापाशी स्वतंत्र मायक्रोफोन म्हणजे ध्वनिग्राहक ठेवून त्याचा आवाज वेगळ्या मार्गाने नोंदविण्याची पद्धत रूढ आहे. तीस आठ ते बारा वा त्याहून अधिक ध्वनिग्राहक लागतात. लहान ध्वनिमुद्रणगृहांतील व घरगुती यंत्रसामग्रीस मात्र पुष्कळदा दोन किंवा चारच आदान-मार्ग असतात. अशा वेळी संच हा अनेक वाद्यांची बेरीज न मानता एकच वाद्य मानावा लागतो आणि निरनिराळ्या घटकांचा समतोल मुद्रणानंतर नव्हे, तर मुद्रणापूर्वीच साधावा लागतो.

पार्श्वभूमी : विद्युत् ध्वनिमुद्रण 1925 मध्ये व्यवहारात आले. त्यापूर्वीच्या कर्ण्याच्या पद्धतीत जोरदार आघाताने कोरणारी सुई उसळण्याचा धोका असे. म्हणून बास ड्रम पुष्कळदा वगळला जाई किंवा कर्ण्यापासून दूर ठेवला जाई. विद्युत् पद्धतीतही दीर्घकाळ सर्व वाद्यवृंदासाठी एक-दोनच ध्वनिग्राहक वापरले जात. लंडन येथे 1966 मध्ये बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या तबकडीच्या वेळी जेफ एमेरिक या ध्वनिमुद्रकाने बास ड्रममध्ये लोकरी कपडा भरला व ध्वनिग्राहक रूढ अंतरापेक्षा बराच जवळ नेला. त्यामुळे आघात अधिक आखूड व ठसठशीत उमटला.

ध्वनिग्राहकांमधील अंतर : 20° से. तापमानाच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदास सु. 343 मी. असतो, म्हणजे 34 सेंमी. अंतर कापण्यास त्याला सु. एक सहस्रांश सेकंद लागतो. एकच आघात दोन ध्वनिग्राहकांपर्यंत या फरकाने पोहोचला आणि दोन्ही संकेत सारख्याच प्रमाणात एकत्र केले, तर सु. 500 हर्ट्‌झ कंप्रतेचे तरंग परस्परांना छेदून नाहीसे होतात, तर सु. 1,000 हर्ट्‌झचे बळावतात. परिणामी स्नेअरचा आवाज पोकळ व पातळ भासतो. ध्वनिग्राहक जितके कमी, तितके असे व्यतिकरण कमी. हा मर्यादित साधनांचा मोठा लाभ होय.

एक व दोन ध्वनिग्राहक : एकच ध्वनिग्राहक असल्यास तो बास ड्रमच्या पुढे सु. एक मीटरवर, त्याच्या वरच्या कडेपेक्षा थोडा उंच व स्नेअरकडे कललेला ठेवून सुरुवात करतात. तो वर नेल्यास झांजा व खाली आणल्यास बास ड्रम उठून दिसतो. दुसरा ध्वनिग्राहक उपलब्ध झाल्यास पहिला संचाच्या वर टांगून दुसरा बास ड्रमपाशी ठेवणे श्रेयस्कर असते. कारण वरच्या ध्वनिग्राहकात झांजांचे प्राबल्य होऊन मंद्र आघात दुबळा पडतो.

तीन व चार ध्वनिग्राहक : ग्लिन जॉन्स या इंग्लिश ध्वनिमुद्रकाच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत लेड झेपेलिन या वृंदाच्या 1968 मध्ये लंडन येथे मुद्रित झालेल्या पहिल्या तबकडीशी निगडित आहे. तीत एक ध्वनिग्राहक स्नेअरच्या सु. एक मीटर वर असतो. दुसरा वादकाच्या उजवीकडे, जमिनीवरील टॉमच्या पलीकडे, हाय-हॅटच्या दिशेने रोखलेला असतो. स्नेअरच्या मध्यापासून दोहोंचे अंतर दोरीने मोजून समान ठेवतात. त्यामुळे स्नेअरचा आघात दोहोंत एकाच वेळी पोहोचतो व द्विमार्गी श्रवणात तो मध्यभागी राहतो. तिसरा ध्वनिग्राहक बास ड्रमसाठी व चौथा, गरज भासल्यास, स्नेअरसाठी असतो. याच वृंदाच्या 1971 च्या एका गीतासाठी अँडी जॉन्सने हॅम्पशरमधील हेडली ग्रेंज या वास्तूच्या जिन्याखालील दालनात संच मांडून वरच्या मजल्यावरील दोनच ध्वनिग्राहकांनी मुद्रण केले. त्या भारदस्त ध्वनीत वास्तूच्या निनादाचा वाटा मोठा आहे.

निवड व दक्षता : बास ड्रमसाठी मोठा ध्वनिदाब सोसणारा चल-वेटोळे ध्वनिग्राहक सोयीचा असतो. वरच्या जागी धारित्र ध्वनिग्राहक तार स्वर स्पष्ट टिपतो. मात्र त्यास सामान्यतः 48 व्होल्टचा पुरवठा लागतो. ध्वनिग्राहकांपेक्षा आदान-मार्ग कमी असल्यास मिश्रकयंत्रात संकेत एकत्र करावे लागतात. एकदा एकत्र नोंदलेले आवाज नंतर समाधानकारकपणे वेगळे करणे कठीण असते. म्हणून आधी छोटा तुकडा नोंदवून तो ऐकणे, बास ड्रमच्या संकेताची ध्रुवता उलटसुलट करून भरदार वाटेल ती बाजू ठेवणे आणि सर्व संकेत एकमार्गी करूनही तपासणे आवश्यक ठरते. अंकीय मुद्रणात मर्यादेपलीकडे गेलेला आघात विरूप होतो. त्यामुळे सर्वांत जोरदार आघातासाठीही पातळीत पुरेसा वाव ठेवतात.

खोलीत निनाद अधिक असल्यास जाड पडदे व सतरंज्या वापरतात. चामड्यांचा ताण जुळविणे, खुळखुळणारे भाग घट्ट करणे यांनाही तितकेच महत्त्व आहे. तथापि अशा मुद्रणात खरा समतोल वादकाच्या हाती असतो : झांजांवर हात हलका ठेवून ड्रमवर भरीव आघात करणाऱ्या वादकास दोन ध्वनिग्राहकही पुरे पडतात.